कुबलानं सोडलेलं पाणी

ही गोष्ट मी सांगणार नव्हतो. जेवण झालं की म्हाताऱ्या माणसानं आडवं व्हावं, साधा नियम. पण तुम्ही ऐकणारे नाही. घ्या मग. मधे प्रश्न विचारायचे नाहीत. या गोष्टीत आधीच एक जण नको तेवढे प्रश्न विचारतो.

“...पण गुरुजी, मी कमी कुठं पडतो, तेवढं तरी सांगा.”

विचारणारा दिगंबर कुबल, कोकणातला. ज्याला विचारत होता तो तेत्सुएन बुवा, जपानातल्या एका डोंगरातला म्हातारा संन्यासी. बुवा दारातलं बर्फ लाकडी फावड्यानं लोटत होता. मागं त्याची सराई. सराईला नाव होतं, पण पाटी बर्फाखाली गेली होती आणि ती उकरायची कुणाला घाई नव्हती.

“सरक,” बुवा म्हणाला. “तुझ्या पायाखालचं बर्फ राहिलं.”

कुबल सरकला.

हा तिथं कसा पोचला ते सांगून टाकतो. गावी गरम पाण्याच्या कुंडाशेजारी त्याच्या बापानं बांधलेलं लॉज होतं. खोल्या लख्ख, चादरी पांढऱ्याशुभ्र. पाहुणा येई, एक रात्र राही, छान आहे म्हणे, आणि पुन्हा तोंड दाखवत नसे. बाप मरताना एवढंच म्हणाला, “दिगू, दार बंद करू नको.” मग कुबल पाहुणचार शिकायला ओसाकाला गेला. स्टेशनाजवळच्या स्वस्त हॉटेलात राबला. कोंबड्यांच्या खुराड्यासारखे एकावर एक खण, खणात एक माणूस, आणि अंघोळीला उभ्याउभ्या फवारा. कुबल भाषा शिकला, कमरेत वाकायला शिकला. पण तिथंही कोण आला नि कोण गेला, कुणाला पत्ता नसे. शेवटी कुणीतरी त्याला सांगितलं, डोंगरात एक बुवा आहे, त्याच्याकडं एकदा आलेला माणूस मरेपर्यंत येत राहतो.

नोकरी सोडून कुबल तिथं गेला. मला शिष्य करून घ्या म्हणाला.

बुवा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. “उद्या संध्याकाळी बस परत जाते,” म्हणाला. “तोवर बघू.”

ती संध्याकाळ आजचीच.

“गुरुजी, पाहुणा गेला की मी खोली धुऊन काढतो. भिंतीसुद्धा. आधीच्या माणसाचा वाससुद्धा ठेवत नाही. माझ्याकडं आलेला प्रत्येक पाहुणा पहिलाच असतो.”

बुवानं फावडं थांबवलं.

“आणि शेवटचा,” तो म्हणाला, आणि पुन्हा बर्फ लोटायला लागला.

कुबलाला ते लागलं. पण त्यानं तसं दाखवलं नाही. शिकलेली माणसं दाखवत नाहीत. आत ठेवून आंबवतात.

दुपारी बस आली. त्या डोंगरात दिवसाला एकच. येते, ड्रायव्हर अंग शेकून घेतो, आणि अंधार पडायच्या आत परत फिरते, कारण नंतर घाटात बर्फ धरतं. आज एकच उतारू होता. तोकुजी लाकूडतोड्या. तरुणपणी त्याच्या उजव्या खांद्यावर ओंडका पडलेला. तेव्हापासून तो हात नुसता लटके, आणि खांदा रात्रंदिवस ठणके. दर हिवाळ्याला तो या कुंडात खांदा बुडवायला येई. बुडालेला असेल तेवढा वेळ ठणका थांबे. बाकी कशानं थांबत नसे.

“यंदा शेवटचं येणं,” तोकुजी बुवाला म्हणाला. “याच बसनं परत जायचंय. लेक उद्या शहरात नेते. सातव्या मजल्यावर राहते ती. पाणी नळाला येतं म्हणाली.”

“नळाला कुठून येतं?”

“ते तिला ठाऊक नाही.”

दोघं म्हातारे हसले. मग हसायचे थांबले...

“आधी चहा पी,” बुवा त्याला म्हणाला. आणि कुबलाकडं न बघता, “नव्या पाहुण्याला पहिलं पाणी. जा.”

तो तिथला मान. नवा आधी उतरतो, जुने मागून. सराईचा आचारी मोरिता कुबलाला आत घेऊन गेला. कुंडाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग चोळून धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, एवढं त्यानं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. पुढचं कुणाला सांगावं लागेल असं त्याच्या बापजन्मात त्याला वाटलं नव्हतं.

कुंड म्हणजे एक दगडी डोणी. गुडघ्याला गुडघा लावून पाच माणसं बसतील एवढी. एका बाजूला भिंतच नव्हती. तिथं डोंगर होता आणि बर्फ पडत होतं, आवाज न करता. बांबूच्या नळीतून करंगळीएवढी धार डोणीत येत होती. पाणी काठोकाठ, त्यावर वाफ.

कुबल गळ्यापर्यंत उतरला.

पापणीवर बर्फ, पायाखाली डोंगराची ऊब. आपण कोण, कुठले, कशासाठी आलो, काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. पलीकडून तोकुजीचा खोकला ऐकू आला तेव्हा तो भानावर आला.

आणि त्याला आपलं लॉज आठवलं.

माझ्या अंगाचं पाणी त्या म्हाताऱ्याला? छे. आता यांना दाखवतो कुबल काय चीज आहे ते.

तो बाहेर आला, हात घालून तळाचं लाकडी बूच उपसलं, आणि सगळं पाणी सोडून दिलं. मग कोपऱ्यातला काथ्याचा ब्रश घेऊन डोणी घासली. कोपरेसुद्धा. अंगावर कपडे चढवले, दारात गुडघे टेकून बसला, आणि कमरेत वाकून म्हणाला, “कुंड तयार आहे.”

तोकुजी धुऊन निथळून उभा होता, हातात पंचा. मागं बुवा. त्याच्या मागं पोट सावरत ड्रायव्हर कान्बे.

तिघांनी डोणीत बघितलं.

...

“पाणी?” कान्बेनं विचारलं.

“सोडलं,” कुबल म्हणाला. “माझं वापरलेलं होतं. आता चकचकीत आहे.”

धारेचा तेवढा आवाज.

मोरिता हात पुसत आला, बघितलं, आणि हळूच म्हणाला, “ही धार आहे एवढीच आहे. डोणी भरायला रात्र होते.”

“आणि मला अंधाराच्या आत घाट उतरायचाय,” कान्बे म्हणाला.

तेव्हा कुठं कुबलाच्या डोक्यात शिरलं.

बुवा उघड्या बाजूला जाऊन उभा राहिला. सोडलेलं पाणी उतारावरून ओढ्यात गेलं होतं. पांढऱ्या बर्फात एक काळी रेघ, तिच्यातून वाफ निघत होती.

“आज कोल्ह्यांची चैन,” बुवा म्हणाला.

कुबलानं कपाळ जमिनीला टेकलं. “गुरुजी, चुलीवर बर्फ वितळवतो. हंडे भरभरून आणतो. आत्ता आणतो.”

“चुलीचं पाणी घरीही आहे,” तोकुजी म्हणाला. रागानं नाही. समजूत घातल्यासारखं म्हणाला, आणि तेच कुबलाला सोसेना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बुवानं विचारलं, “उतरण्याआधी अंग धुतलंस?”

“धुतलं, गुरुजी. साबण लावून.”

“मग पाण्यात तुझं असं काय राहिलं होतं, की सोडावं लागलं?”

...

आयुष्यात पहिल्यांदा कुबलानं उलट प्रश्न केला नाही.

बुवानं अंगावरचं वस्त्र काढलं, अंग धुतलं. नुसती हाडं. पंचाची घडी करून डोक्यावर ठेवली, बूच जागेवर बसवून टाचेनं दाबलं, आणि त्या कोरड्या डोणीत पाठ टेकून बसला. भरल्या कुंडात बसावं तसा. एक लांब श्वास सोडला त्यानं.

तोकुजीनं त्याच्याकडं बघितलं. मग तोही उतरला.

“दगड अजून गरम आहे,” तो म्हणाला.

“असणारच,” बुवा म्हणाला.

कुबलाला वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण ते दोघं त्याच्याकडं बघतही नव्हते. नागवे म्हातारे, डोक्यावर पंचे, रिकाम्या डोणीत बसून डोंगर बघत होते. त्या दोघांचं मजेत चाललं होतं.

बऱ्याच वेळानं बुवा बोलला. कुणाशी, ते कळलं नाही.

“माझा आजा रांगत होता तेव्हा पडलेलं बर्फ हे. डोंगरात मुरलं. खाली विस्तवापर्यंत गेलं. आता वर येतंय.”

कुबलानं धारेकडं बघितलं. करंगळीएवढी. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी चालत आलेलं... आणि आपण विडी ओढून होईस्तोवर ते मोरीला लावलं.

पाणी घोट्याला लागलं. मग मांडीला. बाहेरचा उजेड निळा व्हायला लागला. कान्बे घड्याळ बघायचा, घाटाकडं बघायचा, आणि काही न बोलता पुन्हा उभा राहायचा.

पाणी छातीखाली आलं तेव्हा तोकुजी घसरत घसरत जेवढं खाली जाता येईल तेवढा गेला. पाय बाहेर काढले. हनुवटी छातीला लावली. तरी खांदा वीतभर कोरडाच. मग डाव्या हाताच्या ओंजळीनं तो खांद्यावर पाणी घ्यायला लागला. ते ओघळून जाई. तो पुन्हा घेई.

कुबलाला बघवेना.

“पाणी कमी पडलं,” तो म्हणाला. “माझ्यामुळं कमी पडलं.”

बुवाचे डोळे मिटलेले.

“पाणी कमी नाही,” तो म्हणाला. “माणसं कमी आहेत.”

...

“मोरिता.”

“भात चुलीवर आहे, बुवा.”

“भाताला तू लागत नाहीस. इथं लागतोस.”

मोरितानं पुटपुटत अंग धुतलं आणि उतरला. डोणीतलं पाणी दोन बोटं वर चढलं.

“कान्बे.”

“आणि बस?”

“ती तुला सोडून जाते का?”

कान्बेनं विचार केला. “नाही.”

“मग.”

कान्बे अंग धुऊन उतरला. उतरताना सगळ्यांना पाय आखडावे लागले. पाणी चांगलंच चढलं.

“त्या पोटाचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला,” तोकुजी म्हणाला.

“घरी सांगतो बायकोला,” कान्बे म्हणाला. “तिला पटायचं नाही.”

हसले सगळे, तसं पाणी हललं, आणि हलून पुन्हा स्थिर झालं. तोकुजीच्या खांद्याचं हाड तेवढं वर राहिलं होतं. ओंडक्यानं चेचलेलं, वेडंवाकडं, उघडं. अजून चार बोटं पाणी हवं होतं.

धार येत होती, पण अंधार तिच्या पुढं होता.

कुबल ब्रश हातात धरून दारात उभा. त्याला कुणी हाक मारली नाही. डोणीत एकाची जागा दिसत होती. आत जायला त्याचं पाऊल धजेना. ज्यानं पाणी घालवलं त्यानं त्यात बसायचं, हे कुठल्या तोंडानं?

“गुरुजी...” तो म्हणाला. “मी?”

“तुला बोलवायला तू पाहुणा आहेस का?”

कुबलानं ब्रश ठेवला. कपडे उतरवले. स्टुलावर बसून पुन्हा सगळं अंग धुतलं, केसापासून नखापर्यंत, देवळात जाणाऱ्यानं धुवावं तसं. आणि जपून, एकेक पाय टाकत, त्या चौघांच्या मधे खाली बसला.

पाणी चढलं.

तोकुजीच्या हाडाला लागलं. क्षणभर तिथं थांबल्यासारखं झालं... आणि वरून मिटलं.

तोकुजीच्या घशातून एक आवाज आला. तो काय होता ते सांगता येत नाही. कुबल म्हणे, बाळंतिणीनं पहिल्यांदा पोर जवळ घेतल्यावर तसा आवाज येतो. मग तो हात, इतकी वर्षं नुसता लटकणारा, पाण्यात आपोआप वर आला. कुणी उचलला नाही. पिकलं पान तरंगावं तसा पाचही जणांच्या मधोमध तरंगत राहिला, तळवा वर करून.

बर्फ पडत होतं. वाफ वर जात होती. ते खाली येणारं कुठं संपतं आणि हे वर जाणारं कुठं सुरू होतं, ते दिसत नव्हतं. कुबलाला आपला पाय कुठला आणि कान्बेचा कुठला हेही उमगेना. आणि ज्याच्या अंगाचं पाणी म्हणून त्यानं बूच उपसलं होतं, तो माणूस त्याला त्या पाण्यात कुठं सापडेना.

तो रडत होता. डोणीत सगळ्यांचीच तोंडं ओली, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

उजेड घाटाच्या कडेला गेला. संध्याकाळ झाली होती. बुवानं सांगितलेली वेळ ती हीच, आणि बुवा त्याबद्दल काही बोलत नव्हता. आपल्यासारख्यानं आता उठावं, सांगायची वेळ आणू नये, असं कुबलाला वाटलं.

“गुरुजी,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “बॅग भरून घेऊ का माझी?” आणि काठाला हात लावून अर्धवट उठला.

तोकुजीचा खांदा उघडा पडला.

बुवानं डोळे उघडले नाहीत.

“हलू नकोस,” तो म्हणाला. “पाणी उतरतं.”