उंबरमाळची पहाऱ्याची खिडकी

आधी तो टेप गुंडाळा. मापं घ्यायला माझी ना नाही, पण कशाला घेताय ते तुम्ही अजून नीट सांगितलेलं नाही. घर सोयीचं आणि देखणं कसं करावं यावर पुस्तक काढताय म्हणता. असेल बाबा. मागे असाच एकजण आला होता, खिडक्या बघतो म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत देवळाचा जुना दरवाजा विकत मागायला लागला. म्हणून विचारलं, राग मानू नका. मी रंगनाथ गुरव, इथल्या लक्ष्मीआईचा पुजारी. आल्यागेल्याला गाव दाखवायचं काम माझ्याकडे असतं, आणि त्याच्यावर नजर ठेवायचंही.

तर ही खिडकी. उंबरमाळात कुठल्याही घरी जा, स्वयंपाकघर मागच्या अंगाला नाही, रस्त्याला आहे. चुलीशेजारच्या भिंतीत ही अशी खिडकी, बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल एवढ्या उंचीवर. आतून रुंद, बाहेरून अरुंद. खालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आत टेकून बसायला दगडी बैठक, आणि समोरची भिंत चुन्यानं पांढरी, म्हणजे एवढ्याशा उजेडात सगळं स्वयंपाकघर लख्ख दिसतं. शहरातले लोक बघतात आणि म्हणतात, काय डोकं लावलंय! डोकं लावलं ते एका सुनेनं, आणि ते तिच्या किती अंगाशी आलं तेही ऐकून घ्या.

फार पूर्वी, असे सांगतात, उंबरमाळात एकाही घराला खिडकी नव्हती. मुलूख दरोडेखोरांचा. सपाट मातीच्या छताची धाब्याची घरं, हातभर जाड मातीच्या भिंती, दार एकच आणि तेही वाकून आत जायचं. धूर जायला छतात झरोका असे. एका घरात त्यातून चोर उतरला म्हणे, तेव्हापासून गावानं झरोकेही बुजवून टाकले. पुढे दरोडेखोर गेले, पण संशय काही गेला नाही. कुणाच्या पेवात किती ज्वारी आहे ते सख्ख्या भावाला कळू देत नसत. पाहुण्याला पाणी द्यायचं ते उंबऱ्याबाहेर. आणि बायका त्या कोंडलेल्या धुरात जन्म काढत. पोरं मोठी होईतो आयांचे डोळे जात, छाती भरून येई, आणि गाव म्हणे, लक्ष्मीआईचा कोप आहे.

अशा गावात हौसा नावाची सून आली. नदीकाठच्या गवंड्याची लेक. नवरा सटवा लग्नानंतर लगेच बैल घेऊन मीठ आणायला कोकणात उतरला. घरात उरल्या दोघी, हौसा आणि तिची सासू येसाबाई. येसाबाईच्या डोळ्यांना सदा धार लागलेली. समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसे. हौसानं काही दिवस सोसलं. मग एके दुपारी पदर खोचला, कुदळ घेतली आणि चुलीशेजारची भिंत फोडली. कडेनं दगड बसवले, समोरच्या भिंतीला चुना दिला.

झालं! गावाला तेवढंच हवं होतं. नवरा परमुलखात, आणि हिनं रस्त्याकडे भोक पाडलं? कुणासाठी? चुना कशाला, लांबून खूण दिसावी म्हणून? पाणवठ्यावर बायका तिच्यापासून चार हात लांब घागरी भरू लागल्या.

सगळ्यांत जास्त संशय येसाबाईला. हौसा म्हणाली, "आत्याबाई, धूर बाहेर जावा म्हणून केली."

"धुराला जायला रस्ताच लागतो होय गं? मागच्या परसात नाही जायचा तो?"

"मागं डोंगराचा आडोसा आहे. वारा रस्त्याकडनंच येतो."

येसाबाईला ते पटलं नाही. वारा कुठून येतो याचा हिला आल्या आल्या पत्ता लागला, हेच तिला खटकलं.

खंडेराव पाटलानं पंच बसवले. ठरलं असं, की सासूनं खिडकीवर पहारा ठेवायचा आणि अमावास्येला भर चावडीत सांगायचं. डोळे अधू असले तरी पुरुषाची सावली तिला कळेलच, असं पंचांनी धरलं. कुणी पुरुष खिडकीशी आलेला दिसला तर हौसाला गावाबाहेर काढायचं. त्या काळी टाकलेल्या पोरीला माहेरचं दारही उघडत नसे. तिच्यापुढे मग विहीरच उरायची, आणि हे चावडीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. येसाबाईनं लक्ष्मीआईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली, जे दिसेल ते सांगेन, पदरचं घालणार नाही आणि पोटात ठेवणार नाही.

घरी येऊन तिनं अंगणातला दगड ओढत आत आणला आणि खिडकीला तोंड करून बसली. भाकरी तिथंच, पाणी तिथंच. हौसा मागे चुलीपाशी, आणि दोघींत शब्द नाही.

आता गंमत बघा. दिवसभर वाऱ्यात तोंड धरून बसल्यावर म्हातारीचा खोकला बसला. मग डोळ्यांची धार थांबली. एके सकाळी तिला समोरच्या लिंबाची पानं सुटी सुटी दिसली, असे सांगतात. कुणी म्हणतं लक्ष्मीआईनं दृष्टी दिली, कुणी म्हणतं वाऱ्यानं. पण येसाबाईला आनंद झाला असं समजू नका! तिला वाटलं, सुनेनं काहीतरी चारलंय. तेव्हापासून ती हौसानं वाढलेलं ताट हौसापुढे सारी आणि तिचं आपण घेई. तरी डोळे सुधारतच गेले. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

अमावास्येला चावडी भरली. हौसा एका कडेला उभी, तोंडावर पदर. पाटील म्हणाला, "बोल येसाबाई. आला का कुणी?"

"आला."

चावडीत कुजबुज उठली. हौसानं पदर बाजूला सारून सासूकडे पाहिलं.

"पण कोण ते तुला दिसलं कसं?" पाटील हसला. "तुझे डोळे तर गेलेत."

"तुझ्या पागोट्याचा डावा पेच सुटलाय, खंडेराव. आधी तो खोच."

पाटलाचा हात आपसूक पागोट्याकडे गेला. हसू आपोआप थांबलं.

"नीट दिसायला लागलं त्या पहिल्या दिवशी तूच आलास," येसाबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही. मग हा मारुती पंच, बैल चुकला म्हणून तीच गल्ली शोधत होता. हा तुकोजी. हा नामा तेली. तुझा भाऊ, आणि त्याच्यामागून त्याच्यावर नजर ठेवत तुझा मेव्हणा. या चावडीत बसलेला एकही बाप्या असा नाही, जो माझ्या खिडकीपुढून मान वाकडी करून गेला नाही."

"आम्ही कोण येतंय ते बघायला आलो होतो!" मारुती पंच ओरडला.

"तेच सांगतेय. तुम्हीच येत होता. आणि ही चुलीवरून एकदाही उठली नाही. माझा हिच्यावर अजून विश्वास नाही बरं का. पण शपथ घेतलीय, दिसलं ते सांगितलं."

शेवटी पाटील म्हणाला, सूनबाई राहू दे, पण भोक तेवढं बुजवून घ्या. तशी म्हातारी उसळली. "बुजवा! पण आधी माझे डोळे काढा. उभा जन्म धुरात गेला माझा, माझ्या आईचा गेला, आणि तुमच्या बायका या घटकेला त्यातच खोकतायत. आता दिसायला लागलंय मला. मी नाही परत त्या अंधारात जायची!" आणि चावडीत पहिल्यांदा ती रडली. बाहेर उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला, मग दुसरीनं. त्या आठवड्यात गावातल्या घराघरांत कुदळी वाजल्या म्हणे.

घरी परतताना हौसानं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, अजून संशय आहे का हो?"

"आहे तर. चल बिगीबिगी, माझी बसायची वेळ झाली."

आणि हौसा रस्त्यातच हसत, डोळे पुसत राहिली, असे सांगतात.

आता गॅस आला, फरशा आल्या, कडाप्प्याचे ओटे आले. आजही उंबरमाळात नवं घर उभं राहिलं, की वास्तुशांतीला दूध उतू घालवण्याआधी घरची सासू या बैठकीवर येऊन बसते. गावातल्या प्रत्येक पुरुषाला खिडकीपुढून जावं लागतं आणि ती मोठ्यानं एकेकाचं नाव घेते. पाटलालाही सुटका नाही, मलाही नाही. आज या घरची वास्तुशांत आहे. ती बघा, घरच्या सासूबाई, पार्वतीकाकू, बसल्या आतमध्ये. मघापासून तुमच्याकडेच बघतायत, आणि मला खुणेनं विचारतायत, हा कोण. चला, नाव सांगा आणि पुढून जा. मान सरळ ठेवा हो. जो मान खाली घालून जातो, त्याला त्या परत बोलावतात.