मेंढरे चार

सन १८७८, मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. करंजगिरीच्या मिशनात तीस अनाथ मुली कुडकुडत होत्या, आणि त्यांच्या घोंगड्यांची लोकर राजाच्या कुरणात हिंडत होती!

मिशनाची साठ मेंढरं होती. उन्हाळ्यात गवत संपलं म्हणून पाद्रीबाबांनी ती राजे भुजंगरावांच्या कुरणात ठेवली. दिवाळीआधी बाबा वारले. मेंढरं राखणाऱ्या साळबा धनगराची मुलगी मार्था ती परत मागायला दरबारात गेली. पाद्रीबाबांनी मरताना साळबाला दिलेली चिठ्ठी तिने पुढे केली.

राजाने वाचली. "'माझी मेंढरे चार.' खाली सही! ठीक. चार घेऊन जा. उरलेली छप्पन्न आमच्या कुरणात उभी आहेत, ती आमची."

"सरकार, तो आकडा नाही! चार म्हणजे चारायला ने. शास्त्रातलं वचन आहे. प्रभू येशू पेत्राला सांगतात."

"काय सांगतात?"

"आधी विचारतात, माझ्यावर प्रीती करतोस का? तो हो म्हणतो. मग सांगतात, माझी कोकरे चार. पुन्हा विचारतात, पुन्हा सांगतात, माझी मेंढरे पाळ. तिसऱ्यांदा सांगतात, माझी मेंढरे चार."

राजाने बोटांवर मोजलं. "चार कोकरं, चार मेंढरं. आठ! ने आठ. आमचा हात सढळ आहे!"

"आणि मधलं 'पाळ'? पाळ म्हणजे किती, सरकार? आणि प्रीती आहे का विचारल्यावर कुणी मेंढरं मोजून दाखवतं का?"

कारभाऱ्याला खोकला आला. राजाचे कान लाल झाले.

"शब्दाचे शेजारीपाजारी साक्षीला चालणार नाहीत! मागचं नको, पुढचं नको. चार म्हणजे चारणं, हे दिवस मावळायच्या आत आमच्याच तोंडून वदव. नाही जमलं तर आठही आमची!"

मार्थाने मुजरा केला आणि सरळ मागची पागा गाठली. मोतद्दार रावजी वैरणीचा भारा सोडत होता.

"रावजीकाका, लेखी हुकूम आहे का?"

"वैरणीला कसला हुकूम गं?"

"लेखी हुकमाशिवाय पागेतली काडी हलायची नाही, हा सरकारांचा दंडक ना? आज सरकार तापलेत. मी आपलं सांगितलं."

रावजीने भारा तसाच ठेवला.

दुपार कलली. चाळीस घोडी खिंकाळू लागली, खूर आपटू लागली. दरबारात कुणाचं कुणाला ऐकू येईना. राजा कारभाऱ्याला घेऊन तणतणत पागेत आला.

"ही ओरडतात का?"

"भुकेली आहेत, सरकार. लेखी हुकूम नाही," रावजी म्हणाला.

राजा शाईचाही कंजूष. तीन शब्दांच्या वर त्याने कधी हुकूम लिहिला नव्हता. त्याने लेखणी मागवली, खरडलं आणि कागद रावजीच्या अंगावर फेकला. रावजीला अक्षर येत नव्हतं. तिथेच थांबलेल्या मार्थाने कागद उचलून मोठ्याने वाचला.

"'माझी घोडी चार.' ऐकलंत, रावजीकाका? सरकारांची घोडी चारच! उरलेली छत्तीस तुमच्या पागेत उभी आहेत, ती तुमची. सोडा!"

रावजीने विचार केला नाही. पहिलं दावं सोडलंसुद्धा!

"अरे थांब, गाढवा!" राजा ओरडला. "चार म्हणजे चार नव्हे! चार म्हणजे चारा घाल!"

"असं कुठे लिहिलंय, सरकार?" मार्थाने विचारलं.

"लिहायला कशाला हवं? भुकेल्या जनावरांसाठी लिहिलंय, मोतद्दाराला लिहिलंय! एवढ्यावरून कळत नाही?"

"कळतं, सरकार. पाद्रीबाबांनीही धनगराला लिहिलं होतं."

 मग कारभारी तोंडावर उपरणं धरून हसला, आणि त्याच्यामागे राजा पोट धरून हसला.

"आमचाच हात, आमचंच तोंड! पोरी, नदीकाठचं कुरण आजपासून मिशनाचं. तुझी मेंढरं तिथेच चार. आणि कारभारी, हा आकडा नाही, ध्यानात ठेवा!"

दसऱ्याच्या राजवाड्यातल्या जेवणावळीत मिशनाची तीन मेंढरं आधीच कापली गेली होती. राजाने आपल्या कळपातली तीन घातली. दिवस मावळता मावळता साठ मेंढरं मिशनाच्या वाड्यात शिरली. देणं फिटलं.