फळीतला बाक

भाविकहो, केवळगीर महाराज कोकणात आंबेखोलास येऊन राहिले, त्याच साली गावाने ग्रामदेवीसाठी नवा पाट करायचे ठरवले. काम मिळाले सखोबा सुताराला, आणि नागोजी मेस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला! पंचक्रोशीतली मोठी घरे त्यांच्या हातची, अन् देवीचा पाट झोपडीतल्या सखोबाने करायचा?

सखोबाने दारातला फणस तोडून एकसंध रुंद फळी काढली. वरच्या अंगाला रंधा मारून ते गुळगुळीत केले आणि भक्तीच्या भरात त्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले. तिथेच घोटाळा झाला. खालच्या अंगाला रंधा मारायचा तर फळी पालथी घालावी लागणार, कुंकू मातीला लागणार. बिचाऱ्याचा हात धजेना. एकाच अंगाला रंधा मारलेली ती ओली फळी दोन दिवसांत कडा वर उचलून बसली.

स्थापनेच्या सकाळी नागोजींनी देवळात सगळ्यांदेखत फळीवर आपली सरळ पट्टी आडवी धरली.

"बघा, मधून मांजर जाईल! सखोबा, देवीला पाट देतोस की पाळणा?"

लोक खो खो हसले. तेवढी रुंद दुसरी फळी गावात नव्हती आणि मुहूर्त जवळ आला होता. सखोबाने हात जोडले. "चुकलंच माझं, मेस्त्री. देवी या पाटावर बसली नाही, तर पुन्हा रंधा हातात धरणार नाही."

एवढ्यात महाराज आले.

"सखोबा, फळी पालथी का नाही केलीस?"

"आईचं कुंकू मातीला कसं लावू, महाराज?"

महाराजांचे डोळे भरून आले. खाली बसून त्यांनी दोन्ही तळवे फळीवर टेकले आणि डोळे मिटले.

"हात फिरवून लाकूड सरळ होत नाही, महाराज," नागोजी हसले. तोच फळी करकरली! नागोजींनी पट्टी उभी धरली, आडवी धरली, तिरपी धरली. पट्टीखाली कुठेही उजेडाची रेघ दिसेना. चाळीस वर्षांच्या कामात असे कधी पाहिले नव्हते.

महाराज उठू लागले, आणि बायकांनी किंकाळी फोडली. सकाळी नदीवरून भरली घागर घेऊन ताठ चालत आलेले महाराज! त्यांची पाठ आता सरळ होईना. दोन्ही खांदे पुढे वळले होते, थेट त्या फळीच्या कडांसारखे.

"महाराज, हे काय झालं?" नागोजी पुढे धावले.

"बाक कुठेतरी जायलाच हवा होता, मेस्त्री. लाकडातून निघाला, आमच्याकडे आला."

"माझ्या पाठीत घाला हो तो! हसलो मी, भोगायचं मी!" नागोजींनी धाय मोकलून महाराजांचे पाय धरले.

"तुमची पाठ कामाला हवी. खालचं अंग अजून खडबडीत आहे. आमची कफनी खाली अंथरा, फळी पालथी घाला. सखोबा रंधा मारील, तुम्ही फळी धरा. नाहीतर उद्या पुन्हा वाकेल, आणि आमच्याकडे आता जागा नाही!"

नागोजींनी गुडघे टेकून फळी धरली. रंध्याच्या सालींबरोबर त्यांची आसवेही गळत होती. मुहूर्ताला देवी पाटावर बसली, तसूभरही हलली नाही.

महाराज पुढे देह ठेवीपर्यंत वाकूनच चालले. आणि नागोजी मेस्त्री त्यांच्यासमोर कधीच ताठ उभे राहिले नाहीत.