हिरवा उतार

"पण उस्ताद, फोनवर हा उतार हिरवा होता. मग माझं चुकलं काय?"

कौस्तुभने तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा रिगझिन उस्तादांनी हातातलं फावडं खच्चकन बर्फात खुपसलं.

हिमाचलमधल्या लाहौलच्या त्या गावात उस्ताद चाळीस वर्षं बर्फावर चालायला शिकवत होते. कौस्तुभ घाटपांडे पुण्याचा. सह्याद्रीतले कडे चढून आलेला. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

आदल्या दिवशी तो यांगझोमला घेऊन या उतारावर आला होता. यांगझोम त्याच्याच वर्गातली, पण याच गावात जन्मलेली. अर्ध्या उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळला. ती गाडली गेली. उस्तादांनी धावत येऊन तिला उकरून काढलं. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

"ती काय म्हणाली होती?" उस्तादांनी विचारलं.

"म्हणाली, पायाखालचा बर्फ 'हुंम्' करून खचतोय. मागे फिरू."

"आणि तू?"

"मी तिला हिमस्खलनाचं ॲप दाखवलं. पूर्ण खोरं हिरवं. धोका कमी."

"गप्प बसली?"

"नाही... मग मी म्हणालो, तुम्ही गावातली माणसं उगाच घाबरता."

उस्तादांच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"काढूनच टाकतो ते ॲप," कौस्तुभ पुटपुटला.

"खबरदार!"

उस्तादांनी अंगरख्यातून स्वतःचा फोन काढला. त्यावर त्याच ॲपचा रंगीत नकाशा होता.

कौस्तुभ बघतच राहिला. "तुम्हीसुद्धा...?"

"रोज सकाळी बघतो. मग फावडं घेऊन बाहेर पडतो, खड्डा खणतो, बर्फाचे थर तपासतो. रंगाच्या खाली बारीक अक्षरात तेच लिहिलंय. 'जागेवर जाऊन खात्री करा.' वाचलंस?"

"...नाही."

"मग दोष ॲपवर ढकलू नकोस!"

वर उतारावरचा न सुटलेला अर्धा बर्फ तसाच लटकत होता.

"आज कोणता रंग आहे?"

कौस्तुभने फोन पाहिला. "हिरवाच."

"मग चढ."

"उस्ताद..."

"चढ म्हणतो ना!"

कौस्तुभने पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो हळूच जिथून उचलला तिथेच ठेवला.

"का थांबलास?"

कौस्तुभने वर लटकणाऱ्या बर्फाकडे पाहिलं.

"तोंड उघड!"

"भीती वाटतेय."

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचाच फोन त्याच्या नाकासमोर आणला.

"ही भीती यात कुठे लिहिलीय? वाचून दाखव."