दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

घरातली भांडीही बोलत असत, तेव्हाची गोष्ट. धनत्रयोदशीच्या सकाळी वेणूबाईंनी यमासाठी कणकेचा दिवा वळला.

"अंगणात दक्षिणेकडे तोंड करून बसेन आणि मरणाला आत येऊ देणार नाही," दिवा म्हणाला.

"एका संध्याकाळचा पाहुणा तू, आणि रुबाब केवढा," समई हसली.

दुपारी निरोप आला. बाजाराला गेलेले वेणूबाईंचे यजमान दाजीबा वाटेतच वारले होते.

घरी आणलेल्या दाजीबांना संध्याकाळी स्मशानात नेल्यावर वेणूबाईंनी तोच दिवा त्यांना निजवलं होतं त्या जागी लावला, तोही दक्षिणेकडेच तोंड करून.

"समईताई, मला उशीर झाला का?"

"ते मला ठाऊक नाही, बाळा. आता त्यांना वाट दिसेल एवढं बघ."

दिवा जळत राहिला. अंगणात दिवा लावायचा त्या वर्षी राहून गेला.