तात्यांचा रुमाल

"माझ्यात कमी काय होतं, तात्या?"

पेढ्यांचा बॉक्स पुढं ठेवता ठेवताच बळवंत कणसे बोलून गेला. सत्तरीला टेकलेला गडी, पण मास्तरांपुढं आला की अजून पोर व्हायचा.

काल मोठ्या स्टेडियमच्या सन्मानभिंतीवर त्याचं नाव कोरलं गेलं होतं. डावखुरा फिरकी गोलंदाज, वीस हंगाम, पाचशे त्रेचाळीस बळी. देशाकडून खेळलेले सामने... शून्य.

तात्या हुपरीकरांनी अर्धा पेढा तोंडात टाकला. मिरजेच्या मैदानावर बळवंताला चेंडू धरायला शिकवलं ते यांनीच. आता वय त्र्याण्णव.

"नाव लागलं नव्हं भिंतीवर?"

"लागलं! वरातीमागनं घोडं! आई गेली, बायको गेली, आणि आता टाळ्या. ज्यांना मी नाचवलं ते देशाकडून खेळून आले. मला एकदा, एकदासुद्धा बोलावलं नाही."

"हं..."

"आणि तुम्ही! उभ्या जन्मात 'चांगला टाकलास' म्हणाला नाहीत."

खरंच होतं ते. तोंडावर वाखाणलं की पोर बिघडतं, हा तात्यांचा हट्ट. चेंडूचा टप्पा पडायला हवा तिथं ते आपला पांढरा रुमाल अंथरायचे. बळवंताचे सहाच्या सहा चेंडू त्यावर पडले, तरी "उद्या ये" एवढंच.

तात्यांनी उरलेला अर्धा पेढा बॉक्समध्ये परत ठेवला.

"निवडसमितीचे साहेब आले होते. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? तुमच्याशी बोलले, चहा प्याले, गेले."

"त्यांनी विचारलं, पोरगं कसं आहे."

बळवंताच्या हातातला पेढा हातातच राहिला. "...मग?"

"म्हटलं, अजून शिकतंय."

"तात्या..."

"चांगल्या पोरांबद्दल तेच म्हणायचो रे. आपल्या गावात कुणीही ओळखलं असतं, मास्तर खूश आहे म्हणून. साहेब पडले बाहेरचे. त्यांनी तसंच लिहून घेतलं."

पन्नास वर्षं बळवंतानं त्या साहेबांना शिव्या घातल्या होत्या. आता कुणाला घालायच्या? उठून चालू पडावं असं वाटलं त्याला, इतका राग आला. पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

"मग खरं काय होतं? आता तरी सांगा की!"

तात्या भिंतीला धरत आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आले ते एक पिवळा पडलेला रुमाल घेऊन. त्यांनी तो बळवंताच्या मांडीवर अंथरला.

कडा शाबूत होत्या. मधोमध मात्र चेंडूचे लाल डाग, आणि कापड विरून पडलेलं मुठीएवढं भोक.

बळवंतानं त्यात हळूच बोटं घातली...

"साहेब आले त्या दिवशी," तात्या म्हणाले, "हा माझ्या खिशातच होता."