न्हाणीतली ओल

फार फार मागची गोष्ट, बाळांनो. मोठ्यांनीही ऐका, कारण ही चूक मोठ्याच माणसाची.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात एक तांबट राहत होता, त्याची बायको तांबटीण, आणि त्यांची एकुलती लेक साळू. आणखी एक होता, तो न्हाणीतला बेडूक. तेव्हाचे बेडूक बोलायचे. माणसं तेव्हाही ऐकत नव्हती.

गावात पाण्याचे हाल. बायका खिंड ओलांडून नदीवरून हंडे आणायच्या. तांबटिणीच्या डोक्यावरचे केस चुंबळीनं पार झिजले होते. आणि नवल बघा, तिच्याच न्हाणीतली काळ्या दगडांची भुई मात्र बारा महिने ओली! भर वैशाखात, कुणी आंघोळ केली नसली तरी ओली. एक दगड डुगडुगायचा. त्याच्याखाली बेडूक राहायचा.

साळूच्या लग्नात तिची सासू सहज म्हणाली होती, "तुमच्या न्हाणीत पाय घसरतो हो, व्याहीबुवा." बाई विसरून गेली. तांबट विसरला नाही.

पुढे साळूला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गावची म्हातारी सुईण बघायला आली. न्हाणीत पाय टाकताच दगड डुगडुगला.

म्हातारी म्हणाली, "तांबटदादा, हा दगड काढ. ही ओल कुठली, ते बघ आधी."

"आजी, घरात लेक दोन जिवांची. अशात भुई उकरतात होय?"

"ते खरं. मग राहू दे आहे तशी. बाळ-बाळंतिणीला मी अंगणात आडोसा करून न्हाऊ घालीन."

"अंगणात? बारशाला विहीणबाई येणार. त्या काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील! त्यांच्या जिभेनं भुई खचत नाही," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत गेली.

चार दिवसांनी गावात एक फिरता व्यापारी आला. त्याच्याकडे मोर-कमळं काढलेल्या लाखेच्या रंगीत फरशा होत्या, पापडासारख्या पातळ. मागून राळ लावलेली. नुसती मांडायची आणि दाबायची.

"जुनं काही काढायचं नाही, शेठ. वरूनच बसवा. उकरणं नाही, धूळ नाही," व्यापारी म्हणाला.

तांबटाला देव भेटल्यासारखं झालं. भुई उकरायची नाही, आणि न्हाणी तर नवी! दोन दिवसांत त्यानं फट न् फट बुजवली. मोरावर मोर, कमळावर कमळ. तांबटीण दारातूनच म्हणाली, "दिसतंय छान. पण अहो, ओल गेली कुठं?"

"दिसत नाही ना आता? मग झालं."

बेडूक तेवढा बाहेर राहिला होता. तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "तांबटा, भांडं विकण्याआधी तू बोटानं वाजवून बघतोस. बद्द वाजलं तर परत भट्टीत घालतोस. मग ही भुई का नाही वाजवलीस?"

तांबट हसला. "आता बेडूक मला माझं काम शिकवणार!" त्यानं बेडकाला सुपात घेतलं आणि परसात टाकून दिलं.

साळूला मुलगा झाला. बाराव्या दिवशी विहीणबाई भरजरी लुगडं नेसून आल्या. न्हाणी बघून म्हणाल्या, "अगं बाई, आरसाच जणू!" तांबटाची छाती वीतभर फुगली.

इतके दिवस सुईणीनं बाळ-बाळंतिणीला अंगणातच न्हाऊ घातलं होतं, पण आज तांबट अडूनच बसला, आंघोळ नव्या न्हाणीतच. सुईण पाटावर बसली. पाय लांब केले, पायांवर बाळाला घेतलं. तांबटिणीनं कढत पाणी विसणून पहिला तांब्या ओतला. दुसरा ओतला. ऊन पाण्यानं लाख मऊ झाली. एका मोराची मान वाकडी झाली. सगळ्या बघत राहिल्या, हे काय म्हणून.

तेवढ्यात धप्प!

पाट गेला, म्हातारी गेली, खालचा दगडही गेला. न्हाणीच्या मधोमध हे एवढं भगदाड! म्हातारी छातीपर्यंत चिखलात, आणि तिच्या वर धरलेल्या दोन हातांत बाळ.

तांबटिणीच्या हातातला तांब्या तसाच. तांबट दारात दगडासारखा उभा. मला सांगताना अजून अंगावर काटा येतो. म्हातारीचे हात इंचाइंचानं खाली येत होते.

आणि उडी कुणी मारली? विहीणबाईंनी! भरजरी लुगड्यानिशी त्या चिखलात पालथ्या पडल्या आणि बाळाला छातीशी ओढलं.

बाळ रडेना. साळूनं खाटेवरूनच किंकाळी फोडली, आणि त्या आवाजानं दचकून बाळानं टाहो फोडला. तेव्हा कुठं सगळ्यांचा श्वास सुटला. मग तांबटानं खाली वाकून म्हातारीला बाहेर ओढलं. पाय मुरगळला होता, जीव शाबूत होता.

तांबटानं विहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. "विहीणबाई, तुमच्यासाठीच केली हो ही फरशी!"

"माझ्यासाठी?" त्या चिखलानं माखलेल्या तशाच ओरडल्या. "मी काय फरशी बघायला आले होते? मी नातू बघायला आले होते!"

तांबटानं मान खाली घातली. कुदळ आणली, आणि मोर-कमळांसकट सगळी भुई उपसली. खाली बघतो तर काय! दगडांच्या सांदीतून पाणी उसळत होतं. गार, नितळ, गोड. ते पाणी आजवर फटींतून वर येत होतं, वाळून जात होतं. फटी बुजवल्या, तसं ते आतल्या आत माती खात बसलं.

तांबटानं न्हाणी दुसरीकडे हलवली. तिथली भुई आधी टाचेनं वाजवून बघितली. झऱ्याभोवती पायऱ्यांची विहीर बांधली आणि ती साऱ्या गावाला खुली केली. खिंडीची वाट गवतानं बुजली. तांबटिणीच्या डोक्यावरची चुंबळ कायमची उतरली. विहिरीवर येणारी बाई हंडा तांबटाकडूनच घेऊ लागली. पहिला हंडा भरला विहीणबाईंनी, नातवाला न्हाऊ घालायला. बेडूकही परत आला आणि वरच्या पायरीवर राहू लागला. त्याला मग कुणी हाकललं नाही.

म्हणून सांगते, ओल झाकली की घर खचतं. ओल कुठली ते शोधलं की पाणी लागतं.